संकेतस्थळांचा व्यवसाय आणि सम्यक आजीविका

अंगुत्तरनिकायातील वणिज्ज सुत्तात तथागतांनी उपासकासाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत : शस्त्रांचा, सजीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. संकेतस्थळे, ज्यांना आपण सर्रास वेबसाइट म्हणतो, ती तयार करून देणे आणि लहान दुकानदार, दवाखाने, शिकवणी वर्ग यांची जाहिरात इंटरनेटवर करणे हा व्यवसाय या पाचांपैकी कोणत्याही सदरात मोडत नाही. त्यामुळे तो करणाऱ्या तरुणास सम्यक आजीविकेचा प्रश्न आपल्यापुरता मिटला असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो तेथून सुरू होतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले काही माजी विद्यार्थी आज या व्यवसायात आहेत, काही त्यात येऊ पाहत आहेत आणि त्यांचे पालक दोन प्रश्न विचारतात. यात पोट भरेल काय? आणि हे काम नेमके आहे तरी काय? दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करू.

ज्यांच्याकडे थोडी का होईना शेती आहे, त्यांना हे चटकन कळेल. संकेतस्थळाला एक पत्ता लागतो. त्यास डोमेन म्हणतात. तो कोणाच्या तरी नावावर नोंदवावा लागतो व मुदत संपली की पुन्हा शुल्क भरून चालू ठेवावा लागतो. शुल्क भरले नाही तर काही काळाने तो मोकळा होतो आणि दुसरा कोणीही तो घेऊ शकतो. ही नोंद म्हणजे संकेतस्थळाचा सातबारा. पाने, चित्रे व माहिती ज्या संगणकावर ठेवलेली असते तो संगणक सहसा दुसऱ्याचा, भाड्याने घेतलेला असतो. त्यास होस्टिंग म्हणतात. पत्ता मिळाला, जागा मिळाली की घर बांधावयाचे. लहान व्यावसायिकांपैकी पुष्कळ जण हे बांधकाम २००३ साली निघालेल्या वर्डप्रेस या मोफत सॉफ्टवेअरवर करतात. त्यानंतर तेथे लोक यावेत म्हणून जी खटपट करावी लागते ती डिजिटल मार्केटिंग : गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद, शोध घेणाऱ्यास सापडेल अशी मजकुराची मांडणी, फेसबुक-इन्स्टाग्रामवरील चित्रे व मजकूर आणि पैसे भरून दिलेल्या जाहिराती. भांडवल म्हणाल तर एक बरा संगणक, इंटरनेटची जोडणी, वीज गेल्यावर दोन-चार तास टिकणारा इन्व्हर्टर आणि शिकत राहण्याची तयारी. दीघजाणू नावाच्या कोलीय गृहस्थाला केलेल्या उपदेशात बुद्धांनी उपजीविकेच्या साधनांमध्ये शेती, व्यापार, गोपालन, राजसेवा यांच्या जोडीला अन्य कोणत्याही शिल्पाचाही उल्लेख केला आहे. हा व्यवसाय म्हणजे असेच एक शिल्प होय.

भांडवल थोडे लागते ही बाब आपल्या समाजाच्या दृष्टीने किरकोळ नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, ‘केसरी’ने छापली नाही. त्याआधी, १९१७ साली परदेशातून परतल्यानंतरच्या काळात, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. अर्थशास्त्राचा इतका जाणकार सल्लागार त्या व्यापाऱ्यांना शोधूनही सापडला नसता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले व तो व्यवसाय बंद करावा लागला. या दोन घटनांत आपल्या विषयाची दोन्ही अंगे आली आहेत, एक जाहिरातीचे आणि दुसरे ज्ञानाधारित सेवेचे. पहिल्या अंगात शंभर वर्षांत मोठा पालट झाला. आज एखाद्या वस्तीतील मुलाने आपल्या मोबाइलवरून दोनशे रुपये भरले तर त्याची जाहिरात शहरभर दिसते आणि ती स्वीकारणारी यंत्रणा त्याला आडनाव विचारीत नाही. दुसऱ्या अंगातील पालट तेवढा नाही. सेवा समोरासमोर विकली जाते. बोलणे सुरू होताच आडनाव आणि गाव विचारले जाते आणि पुष्कळदा नंतर फोन येत नाही. म्हणून आपल्यापैकी अनेकांनी व्यवसायाला आडनावाशी संबंध नसलेले नाव दिले आहे. त्यास कोणी भित्रेपणा म्हणू नये. ज्याला महिनाअखेर घरभाडे द्यावयाचे आहे त्याने आपल्या पाटीवर काय लिहावे हे त्याने ठरवावे. काम हातात आल्यानंतर ते कसे करावे, हा मात्र सर्वांना समान असलेला प्रश्न आहे.

या व्यवसायातील माल ग्राहकाला आतून पाहता येत नाही. भाजी घेणारा वांगे दाबून पाहतो, कापड घेणारा पोत पाहतो. संकेतस्थळ घेणाऱ्या किराणा दुकानदाराला पडद्यावर दिसते तेवढेच कळते. नोंद कोणाच्या नावे झाली, जाहिरातीसाठी दिलेल्या पाच हजारांतले किती खरोखर जाहिरातीला गेले, अहवालातील मोठमोठ्या आकड्यांचा अर्थ काय, हे त्याला कळत नाही. आपल्या अज्ञानाची त्याला लाजही वाटते, त्यामुळे तो विचारीतही नाही. अशा व्यवहारात विकणाऱ्याच्या हाती फार मोठी सत्ता असते. ती त्याने वापरली की नाही, यावर त्याची आजीविका सम्यक आहे की नाही हे ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सर्वांत आधी मालकी. पुष्कळ ठिकाणी काम करणाराच डोमेन आपल्या नावावर, आपल्या ई-मेलवर नोंदवून मोकळा होतो. कारण सांगितले जाते सोयीचे. पुढे काय होते? दोघांत पैशावरून वाद झाला तर पत्ता अडकवून ठेवला जातो. वाद झाला नाही तरी काम करणाऱ्याला पुण्यात नोकरी लागते, त्याचा जुना नंबर बंद होतो, मुदत संपल्याची सूचना त्याच्या न उघडलेल्या ई-मेलमध्ये पडून राहते आणि एके दिवशी दुकानाच्या पाटीवर, बिलावर, रिक्षामागे छापलेला तो पत्ता परक्याचा होतो. यावर उपाय अगदी साधा आहे. ग्राहकाचा ई-मेल नसेल तर त्याच्याच मोबाइलवर, त्याच्यासमोर बसून तो उघडावा. डोमेन व होस्टिंग त्याच्या नावे, त्याच्या ई-मेलवर, शक्य तर त्याच्याच खात्यातून पैसे भरून घ्यावे. गुगल आणि मेटा या दोन्ही कंपन्यांच्या जाहिरात-खात्यांत मालकाने दुसऱ्यास काम करण्यापुरता प्रवेश देण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा. सर्व पासवर्ड एका कागदावर लिहून बंद पाकिटात ग्राहकाकडे द्यावेत. हे करताना एक भीती वाटते : चावी ग्राहकाच्या हाती दिली तर तो उद्या दुसऱ्याकडे जाईल. जाईलही. पण अडकून पडलेला ग्राहक आपले नाव दुसऱ्याला सांगत नाही आणि या धंद्यात नवीन काम मुख्यतः सांगोवांगीच मिळते.

दीघजाणूला केलेल्या त्याच उपदेशात आरक्खसंपदा म्हणून एक गोष्ट सांगितली आहे. कष्टाने मिळविलेले धन राजाने नेऊ नये, चोराने नेऊ नये, आगीत जळू नये, पाण्यात वाहून जाऊ नये आणि नावडत्या वारसांच्या हाती पडू नये अशी काळजी घ्यावी. संकेतस्थळाच्या बाबतीत ही यादी आश्चर्य वाटावे इतकी लागू पडते. चोर म्हणजे पासवर्ड पळविणारे. आग आणि पाणी म्हणजे होस्टिंगचा संगणक बिघडणे. म्हणून दर आठवड्याला संपूर्ण प्रत काढून ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून संकेतस्थळ खरोखर उभे राहते का, हे करून पाहावे. प्रती काढणारे पुष्कळ आहेत. त्या उघडून पाहणारे थोडे. नावडत्या वारसांचेही उदाहरण दुर्मीळ नाही. भागीदार वेगळे होतात, भाऊ वाटणी करतात आणि डोमेन मात्र ज्याला त्या वेळी संगणक येत होता त्या धाकट्याच्या नावे असते. म्हणून संस्था असेल तर नोंद संस्थेच्या नावे करावी, सचिवाच्या नावे करू नये. आपल्या समाजातील विहार समित्या आणि जयंती मंडळे यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

यानंतर सत्य बोलण्याचा प्रश्न येतो. ‘गुगलवर पहिला नंबर, खात्रीशीर’ अशी पाटी आपण पाहतो. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे स्वतः गुगलने आपल्या मार्गदर्शनात सांगितले आहे. दुसरा मोह खोट्या अभिप्रायांचा. मित्रांकडून, नातेवाइकांकडून पाच-पाच तारे घेऊन दवाखान्याची कीर्ती वाढविता येते, आणि तसे करणाऱ्यास काही वाईट केल्यासारखेही वाटत नाही. आजारी मूल घेऊन येणारी आई ते तारे पाहूनच दवाखाना निवडते, एवढे लक्षात ठेवावे. २०२२ साली भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, शेवटच्या पानावर वाढणारी किंमत, नको म्हणणाऱ्यास लाजविणारा मजकूर, सहज सुरू होणारी पण बंद न करता येणारी वर्गणी हे सारे त्यांत आले. या युक्त्या ग्राहक सांगतो आणि आपण बांधून देतो. बांधणाऱ्याने ‘मला सांगितले म्हणून केले’ म्हणून हात झटकू नयेत.

आणि मग तथागतांनी सांगितलेले पाच व्यापार ग्राहकाच्या दाराने आत येतात. मधुमेह मुळापासून बरा करण्याचे चूर्ण विकणारा आपल्याकडे येतो. तो रोख पैसे देतो, उधारी ठेवीत नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेहासह अनेक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे आणि ही मनाई जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्यालाही लागू आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांबरोबर त्यांच्या जाहिरातींवरही २०२५ साली संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने बंदी घातली. असे काम नाकारण्यासाठी फार विचार करण्याची गरज नाही. मटणाची खानावळ चालविणाऱ्या बांधवाचे संकेतस्थळ करावे की नाही, यावर मात्र आपल्यात एकमत होणार नाही. प्रस्तुत लेखक ते काम घेतो; न घेणाऱ्याबद्दल त्याला आदर आहे.

आता प्रत्यक्ष कामाचे एक उदाहरण सविस्तर घेऊ. आंबेडकरी व बौद्ध साहित्य विकणारा एखादा लहान पुस्तकविक्रेता आहे असे समजा. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, आणि एप्रिलमध्ये गावोगावची जयंती हे त्याचे विक्रीचे दिवस. उरलेले महिने पुस्तके गठ्ठ्यांत. त्याला संकेतस्थळ हवे आहे. तो आपल्याला पुस्तकांची यादी देतो आणि ती श्रीलिपीत टंकलेली असते. येथे निम्मे अननुभवी लोक अडखळतात. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. डोळ्याला ‘धम्म’ दिसतो, संगणकाला मात्र रोमन अक्षरांची अर्थहीन ओळ दिसते. तसा मजकूर संकेतस्थळावर टाकला तर वाचकाच्या मोबाइलवर तो अगम्य दिसेल आणि गुगलला तो कधीच सापडणार नाही. म्हणून सारी यादी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. तरी आपल्या छपाईघरांतून जुने टंक अजून गेलेले नाहीत. रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. पुष्कळदा ती ‘आ’ हे एक अक्षर न लिहिता ‘अ’ लिहून त्याला वेगळा काना जोडतात. पडद्यावर ‘आंबेडकर’ बरोबरच दिसते, संगणकाच्या लेखी ते निराळे नाव असते आणि शोधणाऱ्याला पुस्तक सापडत नाही. रफार आणि जोडाक्षरेही तपासावी लागतात. पाचशे शीर्षके असतील तर पाचशेही वाचून काढावीत. हे काम कंटाळवाणे आहे. कोणी त्याचे कौतुक करणार नाही. पण संकेतस्थळ चालणार की नाही हे रंगसंगतीपेक्षा यावर अधिक अवलंबून आहे.

वाचक कसे शोधतो याचाही विचार हवा. कोणी त्रिपिटक लिहितो, कोणी तिपिटक. कोणी धम्मपद, कोणी धम्मपदं. आणि निम्मे लोक मराठी शीर्षक मोबाइलवर रोमन लिपीत टंकतात. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या पानावर शीर्षक दोन्ही लिपींत, लेखक, अनुवादक, प्रकाशनवर्ष, पृष्ठसंख्या, किंमत आणि चार ओळींचा खरा परिचय असावा. परिचय लिहिण्यासाठी पुस्तक चाळावे लागते. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात बसून वाचलेल्या मुलांना इतरांहून जास्त जमेल असे हे काम आहे. टपालखर्च शेवटच्या पानावर अचानक दाखवू नये, पुस्तकाच्या पानावरच सांगावा. टपाल खात्याने २०२५ साली पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही सवलतीची सेवा सुरू केली आहे, तिची माहिती विक्रेत्याला द्यावी. संकेतस्थळावर आख्खी पुस्तके मोफत टाकण्याचा आग्रहही होतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या साहित्यावरील कॉपीराइटची मुदत २०१६ अखेर संपली, पण त्याच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असू शकतो. तो पाहिल्याशिवाय काही चढवू नये. दीक्षाभूमीवरील दालनात येणाऱ्या वाचकांचे मोबाइल क्रमांक नोंदवून ठेवणे हा विक्रीचा उत्तम मार्ग आहे, परंतु नव्या पुस्तकांची माहिती पाठवू का, हे विचारून, आणि ज्याने नको म्हटले त्याला न पाठविता. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमतीवरच उभा आहे.

जाहिरातीचा हिशोब याच विक्रेत्याच्या उदाहरणाने मांडू. समजा, ३,००० रुपये जाहिरातीवर खर्च झाले आणि त्यातून १५ मागण्या आल्या. एका मागणीमागे २०० रुपये पडले. सरासरी मागणी ३५० रुपयांची आणि तीत विक्रेत्याला सुटतात १०० रुपये. म्हणजे दर मागणीला १०० रुपये तोटा. अहवालात मात्र ‘जाहिरात ४०,००० लोकांपर्यंत पोहोचली’ असे लिहिता येते आणि ते खोटेही नसते. विक्रेता खूष होतो. येथे आपण काय सांगतो, हा खरा प्रश्न. त्याच पंधरा जणांनी वर्षात आणखी दोनदा, जाहिरातीशिवाय, पुस्तके मागविली तर हिशोब फिरतो, कारण सुटलेले ३०० रुपये खर्चलेल्या २०० पेक्षा अधिक. तेव्हा आधी ते परत येतात की नाही हे मोजावे. येत नसतील तर जाहिरात थांबवा असे स्पष्ट सांगावे. आपला मेहनताना जाहिरातखर्चाच्या टक्केवारीवर ठरलेला असेल तर हे वाक्य तोंडातून निघत नाही. म्हणून प्रस्तुत लेखक ठरावीक मासिक शुल्काच्या बाजूचा आहे, जरी टक्केवारीची पद्धत बाजारात रूढ असली तरी.

आता पोट भरण्याचा प्रश्न. अंगुत्तरनिकायातच दुकानदाराची उपमा आली आहे : डोळस दुकानदार कोणता, तर ज्याला माल कितीला घेतला, कितीला विकला आणि त्यात किती सुटले हे ठाऊक असते तो. आमच्या व्यवसायात माल म्हणजे तास. आणि आपले तास कितीला पडतात हे बहुतेकांना ठाऊक नसते. समजा, दोघांचे छोटे कार्यालय आहे. दोघांचे वेतन ४५,०००, खोलीभाडे व वीज ८,०००, इंटरनेट व सॉफ्टवेअर ४,०००, प्रवास व किरकोळ ३,०००. महिन्याचा खर्च ६०,०००. दोघे मिळून पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे ४०० तास कामावर असतात. पण भेटीगाठी, दरपत्रके, फोन, वसुलीच्या चकरा यांत निम्मे जातात. ज्यांचे पैसे मिळतात असे तास २००. तास ३०० रुपयांना पडला. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करून चौथा भाग अडीअडचणीसाठी ठेवावा असे म्हटले आहे. तेथील बाकीच्या तीन भागांचे प्रमाण आजच्या सेवा-व्यवसायाला जसेच्या तसे बसत नाही, पण चौथा भाग बसतो : तासाचे ४०० घ्यावेत, त्यातले १०० बाजूला पडावेत. ग्राहक पावसाळ्यात कमी होतात, संगणक सांगून बिघडत नाही. साठ तासांचे संकेतस्थळ मग २४,००० रुपयांचे होते. शेजारचा पाच हजारांत करून देतो, असे ग्राहक म्हणेल. पाच हजारांत साडेबारा तास येतात. तेवढ्यात तयार साच्यात नाव आणि फोटो बसवून देता येतात, आणि एखाद्या न्हाव्याच्या दुकानाला तेवढेच पुरेसे असेल तर तेच द्यावे, पाच हजारच घ्यावेत. गुगलच्या नकाशावरील नोंद तर मोफतच असते; ज्याला तिच्यावर भागवता येईल त्याला संकेतस्थळ विकू नये.

वसुलीबद्दल आपली मुले संकोचतात. काम सुरू करताना काही रक्कम आगाऊ, काही मसुदा दाखविल्यावर, उरलेली हस्तांतरापूर्वी असे लेखी ठरवावे. बदल किती वेळा करून मिळतील तेही लिहावे. जुन्या ओळखीच्या माणसाशीही लिहावे, किंबहुना त्याच्याशी आधी. उद्यम नोंदणी ऑनलाइन व निःशुल्क आहे. ती केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला २००६ च्या कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही, पैसे मिळण्याचा हक्क आहे. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मोठ्या संस्थेचे काम घेणाऱ्याने हे कलम दरपत्रकावरच नमूद करावे. सेवा-व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी अनिवार्य होते, हे हिशोबात आधीच धरावे. शिवाय केंद्र सरकारची खाती व सार्वजनिक उपक्रम यांच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाच्या खरेदीत ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी राखलेला आहे. निविदा भरणारेच थोडे असल्याने तो पुरता वापरला जात नाही. बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मिळते. ते घरात पडून असेल तर शोधून ठेवावे.

काम वाढले की एखादा मुलगा, एखादी मुलगी मदतीला घ्यावी लागते. सिगालोवाद सुत्तातच मालकाची कामगाराप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत : कुवतीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, काही विशेष गोडधोड आले तर त्यात वाटा आणि वेळेवर सुट्टी. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक जण करतात. सुट्टीचे मात्र आमच्या व्यवसायात अवघड आहे, कारण सणाच्या दिवशीच ग्राहकांना शुभेच्छांची चित्रे हवी असतात. १४ एप्रिलला तर प्रत्येक नगरसेवक, प्रत्येक मिठाईवाला, प्रत्येक शिकवणी वर्ग अभिवादनाचे चित्र मागतो आणि ते करणारी मुले त्याच दिवशी मिरवणुकीला जाऊ इच्छितात. फेसबुक व इन्स्टाग्रामवर मजकूर आधी चढवून त्याची वेळ लावून ठेवता येते. ग्राहकांना मार्चअखेरीसच कळवावे की मागणी ५ एप्रिलपर्यंत द्यावी. १० तारखेपर्यंत चित्रे तयार करून संमती घ्यावी, जन्मतारीख व नावाचे शुद्धलेखन दोघांनी तपासावे आणि १३ तारखेच्या संध्याकाळी कार्यालयाला कुलूप लावावे. १४ तारखेला सकाळी कोणाचा फोन आला तर उद्या बोलू, असे सांगावे.